जुन्या पिकअपचे इंजिन: आधी ओळख, मग पाना

जुनी जीप-पिकअप विकत घेतली की हातात दोन गोष्टी येतात: आरसी आणि बॉनेटखालचे इंजिन. या दोहोंचा एकमेकांशी मेळ बसेलच असे नाही. चाळीस-पन्नास वर्षांत गाडीचे चार मालक झालेले असतात. पेट्रोल महागल्यावर एकाने डिझेल इंजिन चढवले, दुसऱ्याने त्याचे हेड बदलले, तिसऱ्याने भंगारातून मिळाली ती क्रँक बसवली. म्हणून इंजिन खोलण्याआधी ते नेमके कोणते, हे ठरवायला हवे. त्यानंतर मोजमाप, आणि मोजमाप हाती आल्यावर खरेदी. बेंगळुरूत हे काम काढणाऱ्या मराठी वाचकांसाठी हा लेख लिहितो आहे. इथे चांगले मशीन शॉप आहेत, जे. सी. रोडसारखा बाजार आहे, फ्युएल पंपाचे जाणकार आहेत. तरीही अनेकांची इंजिने बांधून झाल्यावर वर्षभरात पुन्हा तेल खाऊ लागतात, आणि माझ्या पाहण्यात त्याचे कारण बहुतेक वेळा एकच असते: न मोजता आणलेले सुटे भाग.

आपल्याकडच्या जुन्या पिकअपांत सापडणारी इंजिने फार नाहीत. सर्वांत जुने म्हणजे विलिसचे चार सिलिंडरचे पेट्रोल. महिंद्राने चाळीसच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलिस जीप जोडायला सुरुवात केली, आणि तिच्यासोबत हे इंजिन देशभर पसरले. त्याचे दोन प्रकार आहेत आणि बॉनेट उघडताच ते ओळखू येतात. 'गो-डेव्हिल' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पहिल्या प्रकारात इनटेक आणि एक्झॉस्ट हे दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच असतात. त्यामुळे हेड म्हणजे चार प्लग बसवलेली एक सपाट, बुटकी ओतीव पाटी. तिच्यावर टॅपेट कव्हर दिसत नाही. दुसरा प्रकार 'हरिकेन'. यात इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट ब्लॉकमध्ये, म्हणून हेडच्या माथ्यावर टॅपेट कव्हर येते आणि कार्बोरेटर हेडवरच बसतो. इंजिनाची उंची वाढली म्हणून विलिसला बॉनेट वर उचलावे लागले, आणि उंच बॉनेटची सीजे-३बी जीप जन्माला आली. तीच पुढे महिंद्राने वर्षानुवर्षे बनवली. दोन्ही इंजिनांचा बोर ३ १/८ इंच, स्ट्रोक ४ ३/८ इंच, क्षमता सुमारे २,२०० सीसी. ब्लॉक आणि क्रँकचे बरेच भाग एकमेकांचे भाऊबंद असल्यामुळे दुकानदार 'दोन्हीला चालतं' असे सांगतो. पिस्टन आणि हेड गॅस्केटच्या बाबतीत त्यावर विसंबू नका.

महिंद्राच्या डिझेलमध्ये तीन घराणी लक्षात ठेवा. पहिले इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या ट्रॅक्टर इंजिनाचे, एमडी २३५०. नावातला आकडा हीच त्याची सीसीतली क्षमता. दुसरे प्यूजोचे. १९७९ साली महिंद्राने फ्रान्सच्या प्यूजोकडून एक्सडीपी ४.९० या डिझेल इंजिनाचा परवाना घेतला. नावातला ४ म्हणजे सिलिंडर, ९० म्हणजे बोर मिलिमीटरमध्ये. स्ट्रोक ८३ मिमी, क्षमता २,११२ सीसी. पुढे त्याचा थोरला भाऊ एक्सडी३पी आला, ९४ बाय ९० मिमीचा, २,४९८ सीसीचा. ही इंजिने आपल्या इगतपुरीच्या कारखान्यातून बाहेर पडली. तिसरे महिंद्राचे डीआय, २,५२३ सीसीचे. बोर ८८.९ मिमी, स्ट्रोक १०१.६ मिमी. हे आकडे चमत्कारिक वाटतात, पण इंचात पाहिले की साडेतीन बाय चार इंच भरतात. एमडी २३५०चा स्ट्रोकही चार इंचच आहे.

टाटाच्या इंजिनांचे नाव वाचता येणे याहून सोपे. पहिला आकडा सिलिंडरचा, पुढचे दोन बोरचे. १९८८च्या टाटामोबाइल पिकअपपासून ज्या १,९४८ सीसी डिझेलचा उल्लेख होतो ते ४८३, म्हणजे चार सिलिंडर, ८३ मिमी बोर. नंतरच्या २०७ डीआयमध्ये ४९७ आले: ९७ मिमी बोर, १०० मिमी स्ट्रोक, २,९५६ सीसी. ट्रकमधले ६९२ आणि ६९७ हेही याच रीतीने वाचायचे. २०७ घेताना विक्रेता 'टाटाचं इंजिन' म्हणाला तर पुढचा प्रश्न 'चारशे त्र्याऐंशी की सत्त्याण्णव?' हा विचाराच, कारण दोन्हींचे काहीही एकमेकांना बसत नाही.

आता नंबर. विलिसच्या ब्लॉकवर इंजिन नंबर पुढच्या उजव्या बाजूला, वॉटर पंपाच्या वरच्या उंचवट्यावर ठोकलेला असतो. त्यावर तेल, माती आणि रंगाचे तीन थर असतात. ते रॉकेल आणि ब्रशने काढा, तारेचे ब्रश किंवा ग्राइंडर तिथे मुळीच लावू नका. आकडे अस्पष्ट असतील तर वर खडू घासून ओल्या बोटाने हलकेच पुसा, ठोकलेल्या रेषांत पांढरे राहते आणि फोटोत नीट वाचता येते. ओतीव अंक आणि ठोकलेला नंबर यांत गल्लत करू नका. ब्लॉकमधून वर उठून आलेले अंक हा साच्याचा नंबर, तो हजारो ब्लॉकवर सारखाच असतो. आरसीशी जुळवायचा तो आत खोल गेलेला, ठोकलेला नंबर. ती जागा घासून गुळगुळीत केलेली दिसली किंवा अंक वाकडेतिकडे, वेगवेगळ्या मापाचे दिसले, तर तो सौदा सोडून द्या. किंमत कितीही कमी असली तरी.

आरसीवरचा नंबर जुळत नसेल, पण इंजिन कायदेशीर बिलाने घेतलेले असेल, तर मार्ग आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीतल्या नोंदींहून गाडी वेगळी होईल असा बदल मनाने करता येत नाही, आणि केलेल्या बदलाची माहिती चौदा दिवसांत नोंदणी कार्यालयाला द्यावी लागते. पेट्रोलचे डिझेल केलेल्या गाड्यांत ही नोंद राहून गेलेली फार आढळते. पाटी एमवाय किंवा सीए अक्षरांची असेल, म्हणजे केए मालिका येण्याआधीची, तर कागद जास्तच बारकाईने पाहा. आणखी एक गोष्ट हौशी मंडळींनी ध्यानात घ्यावी. २०२१ साली केंद्राने व्हिंटेज वाहनांसाठी वेगळी नोंदणी आणली, ती पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेल्या, व्यापारी वापरात नसलेल्या आणि मूळ रूपातल्या गाड्यांना मिळते. तुमच्या पिकअपमध्ये अजून मूळचे विलिस पेट्रोल असेल, तर ते काढून डिझेल बसवण्याचा मोह आवरा. मायलेज वाढेल, पण ती संधी कायमची जाईल. माझे मत विचाराल तर मूळ इंजिन थकलेले असले तरी तेच बांधावे.

इंजिन उतरवण्याआधी, ते चालू होत असेल तर चालू स्थितीतच तपासा. निळा धूर म्हणजे तेल जळते आहे. काळा म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी. गरम झाल्यावरही थांबत नाही असा पांढरा धूर, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे, म्हणजे पाणी सिलिंडरमध्ये शिरते आहे: गॅस्केट गेले, हेड वाकले किंवा तडा गेला. तेलाचे झाकण उघडल्यावर भसाभस वाफ बाहेर येत असेल तर रिंगा संपल्या. मग कॉम्प्रेशन घ्या. इथे बेंगळुरूची एक गोष्ट पुस्तकात सापडत नाही. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंच आहे, हवेचा दाब मुंबईपेक्षा जवळपास दहा टक्क्यांनी कमी, आणि कॉम्प्रेशन गेजचा काटाही त्याच प्रमाणात खाली थांबतो. म्हणजे समुद्रसपाटीला जो सिलिंडर ११० दाखवेल तो इथे शंभराच्या आसपास दाखवतो, आणि त्यात त्याचा काही दोष नसतो. मुंबईत छापलेल्या आकड्याशी ताडून धडधाकट इंजिन 'गेलेले' ठरवलेले मी पाहिले आहे. चारही सिलिंडरमधला फरक किती आहे, तो आकडा जास्त बोलका. तीन सारखे आणि एक वीस टक्क्यांनी खाली असेल तर त्या एकाची चौकशी करा. पेट्रोल इंजिनात प्लगच्या भोकातून चमचाभर तेल टाकून पुन्हा मोजा: आकडा वर गेला तर दोष रिंगांचा, जागचा हलला नाही तर व्हॉल्व्हचा. डिझेलला हा प्रयोग करू नका, तिथे तेल स्वतःच पेट घेऊ शकते. आणि पेट्रोलचा गेज डिझेलला लावू नका, डिझेलचा दाब त्याच्या काट्याच्या पलीकडे जातो.

खोलण्याबद्दल थोडक्यात सांगतो. प्रत्येक टप्प्याचे फोटो काढा, बोल्ट पिशव्यांत घालून नाव लिहा. मेन आणि कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंग कॅपवर नंबर नसतील तर खोलण्याआधीच ठोका. त्या कॅप ब्लॉक किंवा रॉडसकट एकत्र बोर केलेल्या असतात, अदलाबदल झाली की बेअरिंग गोल राहत नाही. जुने बेअरिंग शेल फेकू नका. त्यांच्या पाठीवर माप लिहिलेले असते: एसटीडी म्हणजे मूळ माप, ०१०, ०२० म्हणजे क्रँक आधी दहा किंवा वीस थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) घासलेली आहे, ०.२५, ०.५० असेल तर तेच मिलिमीटरमध्ये. पिस्टनच्या माथ्यावरही असेच आकडे असतात. गाडीचा इतिहास सांगणारा याहून खात्रीचा कागद दुसरा नाही.

हेड उघडल्यावर इंजिनाची ओळख गणिताने पक्की करा. बोर मोजा, पिस्टन अगदी वर आणि अगदी खाली नेऊन स्ट्रोक मोजा. बोर गुणिले बोर गुणिले ०.७८५४, गुणिले स्ट्रोक, गुणिले सिलिंडरची संख्या. मापे सेंटिमीटरमध्ये घेतली की उत्तर सीसीमध्ये. ९ सेंमी बोर आणि ८.३ सेंमी स्ट्रोक आले की २,११२, म्हणजे प्यूजो एक्सडीपी, मग आरसीवर काहीही लिहिलेले असो. ओव्हरसाइझ बोरमुळे उत्तर थोडे वर सरकते. स्ट्रोक मात्र झिजत नाही, म्हणून ओळख पटवताना तोच जास्त भरवशाचा.

यापुढचे मोजणे जिवावरचे काम समजून करा. बोर गेजने प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, आणि दर ठिकाणी लांबीच्या व रुंदीच्या दिशेने, अशी सहा मापे घ्या आणि वहीत तक्ता करून लिहा. झीज सर्वांत जास्त वरच्या टोकाला, जिथे वरची रिंग वळते तिथे असते, आणि गाडीच्या लांबीपेक्षा आडव्या दिशेत जास्त असते, कारण रॉड पिस्टनला त्याच बाजूला रेटतो. मशीन शॉपमध्ये कुणी खालच्या भागात एकच माप घेऊन 'बोर स्टँडर्ड आहे, नुसत्या रिंगा टाका' म्हणाला, तर इंजिन तिथे सोडू नका. क्रँकचे प्रत्येक जर्नल मायक्रोमीटरने दोन दिशांनी मोजा. हेडवर सरळ पट्टी ठेवून तिच्याखाली फीलर गेज घाला, ०.१० मिमीचे पान जाते आहे असे दिसले तर फेसिंग करा. फेसिंगआधी हेडची जाडी विचारात घ्या. डिझेल हेड आधीच दोनदा फेस झालेले असेल तर व्हॉल्व्ह पिस्टनला भिडायची भीती असते.

आणि तड्यांची तपासणी. बिडाच्या जुन्या हेडमध्ये दोन व्हॉल्व्ह सीटच्या मधला पूल, आणि ब्लॉकमध्ये पाण्याच्या वाटा, या जागा आधी पाहायच्या. क्रँक चुंबकीय पद्धतीने तपासून घ्या, हेडला पाण्याच्या दाबाची चाचणी लावा. याला पैसे लागतात, पण बोर, ग्राइंडिंग आणि नवे पिस्टन यांचा खर्च करून झाल्यावर तडा सापडला तर सगळेच बुडते. म्हणून ही चाचणी इतर कुठल्याही कामाच्या आधी.

मापे हाती आली की मगच बाजार. नवे भाग जे. सी. रोडवर, हत्यारे एसजेपी रोडवर, आणि जुने, कारखान्यात बंद झालेले भाग शिवाजीनगरच्या गुजरी बाजारात. ज्यांनी पुण्याची नाना पेठ पायांखाली घातली आहे त्यांना इथली रीत लगेच कळेल. फक्त इथे कन्नड, तमिळ आणि दखनी उर्दू एकाच दुकानात चालते. जुना भाग, शक्य तर जुना शेलच, सोबत न्या. तो काउंटरवर ठेवला की भाषेची अडचण उरत नाही. गुजरीतून ब्लॉक किंवा पूर्ण इंजिन घेताना बिल आणि ज्या गाडीतून ते निघाले तिचे कागद मागा. गुजरीतल्या क्रँकवर माझा विश्वास नाही, तपासून घेता येत असेल तरच घ्या. टॅपेट कव्हर, ओतीव ब्रॅकेट, पुली, चेंबर, मॅनिफोल्ड, या वस्तू मात्र तिथे उत्तम मिळतात.

पिस्टन आधी घ्या, बोर नंतर करा. हा क्रम उलटा करणारे फार आहेत. ओव्हरसाइझ पिस्टन ०.२० मिमीने कमी-अधिक निघू शकत नाही, पण शंभराव्या भागाचा फरक दर संचात असतो, आणि पिस्टन व भिंतीमधली जागा नेमकी तिथेच ठरते. म्हणून पिस्टन मशीन शॉपच्या हातात द्या आणि प्रत्येक बोर त्या-त्या पिस्टनला करून मागा. क्रँक ग्राइंडिंगला देताना जर्नलच्या कडेची गोलाई राखायला स्पष्ट सांगा. घाईत ती काटकोनी झाली की क्रँक तिथूनच मोडते, आणि मोडते ती हमरस्त्यावर, भरल्या गाडीत. होनिंगनंतर भिंतीवर तिरक्या रेघांची जाळी दिसली पाहिजे. तेल तिच्यातच धरून राहते. घरी आल्यावर ब्लॉक गरम पाणी आणि साबणाने धुवा, तेलवाटांचे प्लग काढून आतून ब्रश फिरवा, पांढरे फडके बोरमधून फिरवून ते पांढरेच निघेपर्यंत. होनिंगची पूड राहिलेले नवे इंजिन जुन्याहून लवकर झिजते.

डिझेलवाल्यांसाठी बेंगळुरूचे सर्वांत मोठे बळ म्हणजे फ्युएल पंपाचे ज्ञान. मोटर इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजे 'मायको', हिने पन्नासच्या दशकात आडुगोडीला कारखाना काढला आणि देशभरातल्या डिझेल गाड्यांचे पंप इथून गेले. नोझल आणि इंजेक्टर पुढे तिच्या नाशिकच्या कारखान्यातून येऊ लागले. २००८ साली कंपनीचे नाव बॉश झाले, तरी गॅरेजात आजही 'मायकोचा पंप' असेच म्हणतात. पंपावरची छोटी पाटी फेकू नका, तीही वाचता येते. 'पीईएस ४ए' ने सुरू होणारी असेल तर तो स्वतःचा कॅम असलेला, फ्लँजने बसवलेला, चार सिलिंडरचा, ए मापाचा रांगेतला पंप. 'व्हीई ४/९' असेल तर चार सिलिंडरचा वितरक पंप, ९ मिमी प्लंजरचा. पुढे आकडा येतो तो पंपाच्या फेऱ्यांचा. पंप तुमच्या इंजिनाचाच आहे ना, हे त्या पाटीवरून ताडून मग टेस्ट बेंचवर कॅलिब्रेशन करून घ्या. उंचीमुळे इथे इंजिनाला हवा कमी मिळते. बाहेरचा मिस्त्री 'जोर येईल' म्हणून स्क्रू वाढवून देतो, तेव्हा वाढतो तो मुख्यतः काळा धूर आणि पिस्टनचा ताप. इंधन वाढवू देऊ नका.

पेट्रोल इंजिनवाल्यांची काळजी वेगळी. २००० सालापासून आपल्याकडे शिशाचे पेट्रोल बंद झाले, आणि व्हॉल्व्ह सीटला मिळणारे त्याचे वंगण गेले. एक्झॉस्ट सीट सैल किंवा खोल गेलेल्या असतील तर कठीण पोलादाच्या नव्या बसवून घ्या. त्यानंतर फेब्रुवारी २०२३ मध्ये २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल विक्रीला आले, त्याची सुरुवातही बेंगळुरूतच झाली. जुने रबर त्याला टिकत नाही. फ्युएल पंपाचा पडदा, सगळे होज, कार्बोरेटरचे वॉशर इथेनॉल सोसणारे घ्या, टाकीतला गंज काढा, आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवा. इथेनॉलमुळे मिश्रण पातळ होते, तेव्हा प्लगचा रंग पाहून जेट बदलायची तयारी असू द्या.

जोडणी शांतपणे करा. प्रत्येक रिंग बोरमध्ये सरळ ढकलून तिच्या तोंडातली फट मोजा. बोरच्या दर इंचाला साधारण तीन ते चार थाऊ हा जुना हिशेब विलिसला चालतो, डिझेलला त्या इंजिनाच्या पुस्तकातला आकडा पाळा. क्रँक बसवल्यावर प्रत्येक कॅप कसली की हाताने फिरवून पाहा. एखाद्या कॅपनंतर ती जड झाली तर पुढे जाऊ नका, तिथेच थांबून कारण शोधा. हेड बोल्ट टॉर्क रेंचने, मधून बाहेर, तीन टप्प्यांत. पहिल्यांदा सुरू करण्याआधी प्लग किंवा नोझल काढून स्टार्टरवर इंजिन फिरवा, तेलाचा दाब काट्यावर येईपर्यंत. तो आल्याशिवाय आग देऊ नका.

सुरू झाल्यावर तासन्‌तास आयडलवर ठेवायची पद्धत सोडून द्या. रिंगा भिंतीवर बसतात त्या भाराने. पाणी गरम झाले की गाडी रस्त्यावर काढा, मध्यम वेगात, चढावर थोडे पेडल, उतारावर सोडून द्या, एकच वेग धरून ठेवू नका, आणि ओझे भरू नका. गरम होऊन पूर्ण गार झाल्यावर, गॅस्केट जुन्या पद्धतीचे असेल तर हेड पुन्हा कसा आणि टॅपेट पुन्हा सेट करा. पहिले तेल पाचशे किलोमीटरला बदला. काढलेले तेल पांढऱ्या ताटलीत ओता, फिल्टर करवतीने कापून कागद उघडा. बारीक करडी भुकटी चालते, ती रिंगांची आणि बोरची असते. चमकत्या चपट्या कपच्या किंवा तांबूस कण दिसले तर ते बेअरिंगचे. अशा वेळी इंजिन पुन्हा सुरू न करता चेंबर उतरवून रॉड बेअरिंग आधी पाहा.